कमी पाण्यावर फुलणारी रतोलिया: मधमाश्या-फुलपाखरांच्या बागेतली जमीन कशी झाकावी

मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की झुडपं आणि उंच फुलझाडं सगळेच लावतात. त्यांच्यामधली जमीन मात्र उघडी राहते. मग तिथे तण माजतं, नाहीतर विकतची हिरवळ अंथरली जाते. हिरवळीला पाणी बेसुमार लागतं आणि मधमाशीला तिच्यातून काहीच मिळत नाही. या मधल्या जमिनीसाठी माझ्या पाहण्यातली सगळ्यात कामाची वनस्पती म्हणजे रतोलिया, म्हणजेच जलपिंपळी. ती जमिनीलगत सरपटते, पेरापेराला मुळं धरते, एकदा मुरली की कित्येक आठवडे पाण्याविना तगते आणि ऊन असेल तिथे वर्षातला मोठा काळ फुललेली असते.

हे तगणं आपोआप मात्र येत नाही. ताण सोसायची ताकद मुळांत असते आणि मुळं किती खोल जातील हे लावणीनंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत तुम्ही पाणी कसं देता यावर ठरतं. रोज शिंपडून वाढवलेली रतोलिया दिसायला हिरवीगार असते, पण पहिल्याच कडक उन्हाळ्यात कोलमडते. म्हणून खाली पाण्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. बाकीच्या पायऱ्या त्या मानाने सोप्या आहेत.

आधी ओळख पक्की करा

शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला व्हर्बिना वंशात ठेवलं होतं, १८९९ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एडवर्ड ली ग्रीन यांनी फायला वंशात आणलं. कुळ घाणेरीचंच. जगाच्या उष्ण आणि उपोष्ण भागात ती जवळपास सगळीकडे आपसूक वाढते. नदीकाठ, तळ्यांचे काठ, पाणी साचून नंतर भेगाळणाऱ्या जमिनी ही तिची आवडती ठिकाणं. पाण्याकाठची वनस्पती दुष्काळात कशी टिकते, असा प्रश्न पडतो. त्या काठांवर काही महिने पूर असतो आणि काही महिने माती दगडासारखी कडक होते. दोन्ही सोसणारीच वनस्पती तिथे उरते.

आता जवळून बघा. पानं समोरासमोर, चमच्याच्या आकाराची, देठाकडे निमुळती. कडेचे दाते फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागात असतात, खालच्या अर्ध्या भागाची कड बिनदातांची. पानाच्या बगलेतून एक लांब, सरळ दांडी वर येते आणि तिच्या टोकावर बोंडासारखा लहानसा गुच्छ असतो. फुलं दोन-तीन मिलिमीटरची, पांढरी किंवा फिकट गुलाबी, आणि ती सगळी एकदम उमलत नाहीत. गुच्छाभोवती फुलांचं एक कडं तयार होतं. खालची फुलं गळतात, कडं वर सरकतं आणि गुच्छ लांबट होत जातो. भिंगातून पाहिलं तर ताज्या फुलाचा घसा पिवळा दिसतो, जुन्या फुलाचा जांभळट-लालसर. एकाच गुच्छावर रोज थोडी थोडी ताजी फुलं मिळत असल्याने किडे पुन्हा पुन्हा तिथे येतात. फुलाची नळी इतकी उथळ असते की लहान सोंडेची फुलोरी मधमाशी, एकांड्या लहान माश्या, फूलमाश्या आणि ग्रास ब्लू जातीची चिमुकली फुलपाखरं, सगळ्यांना मध सहज मिळतो.

रोप घेताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, फायला कॅनेसेन्स. ही दक्षिण अमेरिकेतली बहीण. पानं अरुंद आणि करडी, दाते जेमतेम, फुलं जास्त जांभळट. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांवर तिने गवताळ कुरणं गिळून टाकली आहेत. दोन्हींना रोपवाटिकांत 'लिपिया' म्हटलं जातं, त्यामुळे नावावर विसंबू नका, पानं बघा. दुसरी, पिवळ्या फुलांची वेडेलिया. झटपट पसरते म्हणून ती कुठेही लावतात, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. देशी झाडांच्या बागेत तिला जागा देऊ नका.

जपानमध्ये निवड करून तयार केलेला 'कुरापिया' नावाचा वाणही मिळतो. तो दाट वाढतो आणि बी धरत नाही, म्हणून पदपथांच्या कडेला ठीक आहे. देशी बागेसाठी मला तरी आपल्याच परिसरात वाढलेली रतोलिया योग्य वाटते. तिथल्या पावसाला आणि मातीला ती आधीच सरावलेली असते.

तुमच्या भागात ती मुळात देशी आहे ना, हे त्या प्रदेशाच्या वनस्पतिसूचीत एकदा बघून घ्या. नसेल तर ती लावू नका आणि तिच्यासारखीच सरपटणारी स्थानिक वनस्पती निवडा. खालची बहुतेक पद्धत तिलाही लागू पडेल.

जागा

दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत ती जगते, पानं मोठी होतात, पण फुलं फारच कमी येतात, आणि फुलं नसतील तर या बागेत तिचा उपयोग काय? माती काळी, मुरमाड, रेताड, थोडी खारवट, कशीही चालते.

दोन जागा टाळा. नाजूक लहान रोपांच्या वाफ्याला लागून लावू नका, ती त्यांच्यावरून सरपटत जाईल. आणि लहान मुलं अनवाणी खेळतात तिथेही नको. फुललेल्या रतोलियावर दिवसभर मधमाश्या बसलेल्या असतात आणि त्या पायाखाली आल्या तर डंख हा बसणारच. ये-जा असेल तिथे पावलापावलावर फरशीचे तुकडे बसवा आणि रतोलिया त्यांच्यामध्ये लावा. अधूनमधून पाय पडला तर तिला काही होत नाही, उलट ती आणखी बसकी वाढते.

जमीन तयार करणं म्हणजे मुख्यतः तण काढणं

रतोलियाचे खरे वैरी दोन, हराळी आणि लव्हाळा. दोन्ही तिच्यासारखेच जमिनीखालून किंवा वरून पसरतात आणि एकदा गुंतले की हाताने सोडवता येत नाहीत. म्हणून लावणीआधी दीड-दोन महिने या कामाला द्या.

हराळी असेल तर फिरत्या पात्यांचं यंत्र चालवू नका. प्रत्येक तुकड्यातून नवी हराळी फुटते. जमीन ओलवा, कुदळीने ढेकूळ उचला आणि काड्या हाताने वेचून काढा. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, एका खेपेत संपत नाहीत. पुन्हा पाणी द्या, दोन आठवडे थांबा, कोंब दिसले की गाठीसकट उपटा. असं तीनदा करा. वाळलेल्या बियांतून येणारं तणही याच चक्रात उगवतं, ते खुरप्याने वरच्यावर खरवडून टाका. शेवटच्या खेपेला माती खोल उलटू नका, नाहीतर खालचं बी वर येईल.

कडक उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरून कडा मातीने दाबल्या तर वरच्या थरातलं बरंच बी मरतं. पण आधी जमीन नीट बघा. पेन्सिलच्या जाडीची किंवा त्याहून बारीक गोल भोकं आणि शेजारी मातीचा बारीक ढीग दिसला, तर ती बहुधा एकांड्या मधमाशीची घरटी आहेत. तिथे प्लास्टिक घालू नका. मधमाश्यांच्या जगभरात २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य जाती पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात आणि जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांची पिल्लं प्लास्टिकखाली भाजून मरतील.

याच कारणाने, आखणी करतानाच मीटरभर लांबी-रुंदीचा एक तुकडा कायमचा उघडा ठेवा. किंचित उताराचा, सकाळचं ऊन येणारा, पाणी न साचणारा. तिथे रतोलिया नाही, पालापाचोळा नाही, खुरपणीही नाही. सगळी जमीन झाकायचा मोह होतो, पण पूर्ण झाकलेली बाग ही खानावळ आहे, राहायला जागा नसलेली.

खत जवळजवळ नकोच. अगदी निव्वळ मुरूम असेल तर कुजलेलं कंपोस्ट एक-दोन सेंटिमीटर जाडीचं पसरून वरच्या मातीत मिसळा. याहून जास्त दिलंत तर पाला माजतो, फुलं कमी येतात आणि तणही जोमाने उगवतं.

रोपं कशी करावीत

बी बारीक असतं, उगवायला उजेड आणि ऊब लागते आणि उगवण मागेपुढे होते. त्यामुळे फाट्यांपासूनच रोपं करावीत.

रस्त्याकडेच्या गटारातून किंवा तणनाशक फवारल्या जाणाऱ्या जागेतून फाटे घेऊ नका. जमीन ज्याची असेल त्याला विचारा, झाड मुळासकट उपटू नका, एका जागेवरून थोडेच घ्या. आणि एकाच वेलीचे फाटे घेऊन सगळा वाफा भरू नका. फाट्यातून आलेलं प्रत्येक रोप म्हणजे तीच आई, त्यामुळे एकाला जो रोग लागेल तो सगळ्यांना लागेल. एकमेकांपासून दूर वाढलेल्या चार-पाच वेलींचे फाटे आणून मिसळून लावा.

फाटा निवडताना फूल नसलेला, ना कोवळा ना काष्ठमय असा घ्या. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, त्यावर तीन-चार पेरं. कित्येकदा पेरांवर पांढरी टोकं आधीच आलेली दिसतात. ती मुळंच आहेत, असा फाटा हमखास लागतो. खालच्या दोन पेरांची पानं काढा, अर्धी रेती आणि अर्धं चाळलेलं कंपोस्ट भरलेल्या पिशवीत ती दोन पेरं पुरा आणि माती बोटांनी घट्ट दाबा. पहिला आठवडा सावलीत, ओल टिकवून. उबदार हवेत एक ते दोन आठवड्यांत मुळं धरतात. हळूच ओढून बघितल्यावर अडकल्यासारखं वाटलं की रोप उन्हात आणा. महिन्याभरात ते लावणीजोगं होतं.

विकत घेत असाल तर रोपांवर निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक वापरलं आहे का, हे स्पष्ट विचारा. ही औषधं झाडाच्या अंगात भिनतात आणि परागात व मधातही उतरतात. युरोपीय संघाने यातल्या तीन औषधांचा शेतातला उघड्यावरचा वापर २०१८ मध्ये बंद केला तो मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळेच. उत्तर गोलमोल आलं तर तिथून रोपं घेऊ नका.

लावणी

पावसाच्या तोंडावर लावा. पहिले एक-दोन चांगले पाऊस पडून जमीन ओलावली की लगेच. जिथे हिवाळा कडक असतो तिथे थंडी ओसरल्यावर. ऐन उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत लावू नका.

दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर चौरस मीटरला साधारण ११ रोपं लागतात आणि एका हंगामात जमीन झाकते. ४५ सेंटिमीटर ठेवलं तर पाचच लागतात, पण मोकळ्या जागेत जास्त काळ खुरपावं लागतं. वेळ असेल तर दुसरा मार्ग धरा, नसेल तर पहिला. ओळी एकमेकींना छेद देत, तिरप्या मांडा.

रोप पिशवीत होतं तितकंच खोल लावा. बाजूला फुटलेले फाटे तसेच वर राहू देऊ नका. ते जमिनीवर पसरून एकेका पेरावर चिमूटभर माती टाका, किंवा तारेचा आकडा करून दाबून बसवा. पेर मातीला टेकलं की तिथून मूळ, आणि मूळ धरलं की तिथून पुढचा फाटा. या एका छोट्या कामाने झाकण्याचा वेग खूप वाढतो.

आच्छादनाबाबत इथे नेहमीचा सल्ला चालत नाही. झुडपांभोवती आपण पालापाचोळ्याचा जाड थर घालतो. तोच रतोलियाभोवती घातला तर पेरं मातीला टेकतच नाहीत. फार तर बारीक वाळलेल्या गवताचा दोन सेंटिमीटरचा विरळ थर, तोही दोन रोपांच्या मधोमध.

पाणी: पहिले चार महिने

पाऊस पडत नसेल असं धरून सांगतो. पडत असेल तर तेवढं वजा करा.

पहिला आठवडा रोज, झारीने, वरचे पाच सेंटिमीटर ओले राहतील इतकं. मुळं अजून तिथेच आहेत.

दुसऱ्यापासून चौथ्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड, पण दर वेळी जास्त. एका चौरस मीटरला १० लिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. इतकं एका वेळी द्या. उतार असेल तर दोन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास थांबून, नाहीतर निम्मं वाहून जाईल.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, चौरस मीटरला १५ ते २० लिटर. पाणी दिल्यावर काही तासांनी लांब पेचकस किंवा लोखंडी सळई मातीत दाबून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत गेली पाहिजे. तेवढी जात नसेल तर पाणी वरच्यावरच राहतंय आणि मुळंही वरच राहतील. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं आणि जास्त दिवस टिकतं, तिथे दहा दिवसांचं अंतर चालतं. मुरमात पाच-सहा दिवसांचंच.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंतर वाढवत दोन आठवड्यांवर न्या. दुपारी पानं किंचित मलूल झालेली दिसतील, त्याने घाबरून नळी हातात घेऊ नका. संध्याकाळी किंवा पहाटे बघा. पानं पुन्हा ताठ झाली असतील तर रोप ठीक आहे. सकाळीही मलूलच असतील तर मात्र त्याच दिवशी पाणी द्या. हा वरची माती कोरडी, खालची ओली असलेला काळच मुळांना खाली ओढतो.

ठिबक असेल तर इथे ते फारसं उपयोगी नाही. रतोलिया जागोजागी मूळ धरते आणि ठिबक ठरावीक ठिपक्यांतच ओल करतं, त्यामुळे हिरवे आणि उघडे पट्टे पडतात. झारी, नाहीतर बारीक तुषार. वेळ सकाळची. रात्रभर ओला राहिलेला दाट पाला बुरशीला आमंत्रण देतो.

पहिल्या वर्षानंतर

आता कोरड्या दिवसांत तीन-चार आठवड्यांनी एक भरपूर पाणी पुरतं. काहीच दिलं नाही तरी ती बहुधा मरत नाही. पानं लालसर होऊन गळतात, दांड्या वाळल्यासारख्या दिसतात आणि पाऊस पडताच पेरापेरातून पालवी फुटते. हिमतुषारानेही असंच होतं, वरचा भाग करपतो आणि ऊब आल्यावर पुन्हा फुटतो.

तरी मी उन्हाळ्यात महिन्याला एक पाणी द्यावंच असं सांगेन. ते वनस्पती जगवण्यासाठी नव्हे, फुलांसाठी. आसपास काहीच फुललेलं नसतं त्या आठवड्यांत थोडीशी फुललेली रतोलियाही किड्यांना मोठा आधार असते.

पहिले तीन महिने दर आठवड्याला खुरपणी करा, पुढे महिन्याला एक फेरी पुरते. जमीन पूर्ण झाकली गेली की तण आपोआप कमी होतं, हराळी सोडून. तिची एक काडी दिसली तरी त्याच दिवशी काढा.

कापणी गरजेची नाही. उंच झालीच, तर पाच ते सात सेंटिमीटरवर कापा, आणि कधीही पूर्ण वाफा एकदम नको. अर्धा आज, उरलेला तीन आठवड्यांनी. वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, माश्या फुलांवर नसताना. कडेला वाट किंवा दुसरा वाफा असेल तर तीन आठवड्यांतून एकदा धारदार फावड्याने सरळ रेषेत फाटे तोडा. कापलेले फाटे उघड्या डागांत लावायला वापरा.

सोबतीला काय

एकट्या रतोलियावर बाग चालत नाही. लांब सोंडेच्या भुंग्याला आणि मोठ्या फुलपाखरांना इतर आकारांची फुलं लागतात, ती झुडपांवर मिळतील. जमिनीलगत मात्र दोन सोबती चांगले जमतात. अगदी कोरड्या, मुरमाड कोपऱ्यात विष्णुक्रांता लावा. तिची लहान निळी फुलं सकाळी उमलतात. दुसरी रानमेथी, तीन पानांची, गुलाबी-जांभळ्या बारीक फुलांची. ती शेंगवर्गीय असल्याने मातीत नत्र धरते आणि लेसर ग्रास ब्लू या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. रतोलियाच्या मधल्या फटींत तिचं बी टाकलं की दोघी एकमेकींत गुंतून वाढतात.

पानांना भोकं पडली तर

पीकॉक पॅन्सी या फुलपाखराच्या अळ्या रतोलियाची पानं खातात. अमेरिकेत फेऑन क्रेसेंट हे फुलपाखरू तर मुख्यतः तिच्यावर आणि तिच्या जवळच्या जातींवर अंडी घालतं. म्हणून काटेरी, गडद रंगाची अळी दिसली की औषध शोधायला जाऊ नका, ही बाग त्यांच्यासाठीच केली आहे. निंबोळी अर्कही नको, जिवाणूजन्य अळीनाशकही नको. दोन्ही फुलपाखराच्या अळ्यांना मारतात. आठ-पंधरा दिवसांत पानं पुन्हा येतात.

खरी काळजी दोनच गोष्टींची. एखादा डाग पिवळा पडत जातो, पाणी देऊनही सुधारत नाही. तिथली एक वेल उपटून मुळं धुऊन बघा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी आहेत. तेवढा भाग मुळांसकट काढून टाका, जागा उन्हात दोन महिने उघडी तापू द्या, तिथे झेंडू घ्या आणि मगच पुन्हा लावा. दुसरं, उष्ण दमट दिवसांत दांड्यांच्या बुडाशी पांढरी जाळी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही बुरशी दाट, सतत ओल्या वाफ्यात येते. लागण झालेला भाग भोवतालच्या बोटभर मातीसकट उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि पाणी निम्म्यावर आणा.

तीन-चार वर्षांनी मधला भाग काष्ठमय होतो, फुलं कडेलाच येऊ लागतात. तेव्हा पावसाच्या सुरुवातीला फूटभर रुंदीचे पट्टे एकाआड एक फावड्याने उचलून काढा. मोकळ्या पट्ट्यात कडेचे कोवळे फाटे लावून वरच्याच पद्धतीने पाणी सुरू करा. उरलेले पट्टे पुढच्या वर्षी घ्या, म्हणजे एकाही हंगामात बाग फुलांविना राहणार नाही.